खाण्यापुरता परवाना

आमच्या शेजारचे नाना आठल्ये रोज सकाळी आमचा पेपर वाचायला येत आणि वाचण्यापूर्वी परवानगी मागत. यात नवल नाही. नवल हे, की ती परवानगी ते कलमवार मागत.

"बातम्या वाचू ना, ग्रंथपाल?"

"वाचा."

"अग्रलेख?"

"वाचा की, नाना."

"कोडं मात्र तुमचं. ते मी मनातल्या मनात सोडवतो. पेन लावायचा नाही."

मी कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे वस्तू वापरून परत करण्यातलं पावित्र्य मला कळतं, असा त्यांचा समज होता. एकदा मला घाई होती म्हणून मी म्हटलं, "नाना, पेपर घेऊनच जा घरी, माझा झालाय वाचून." तर दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे दिलात, की वाचायला दिलात? रद्दी कोणी घालायची?" मी म्हटलं, तुम्ही घाला. ते त्यांना पटलं नाही. पेपर पायरीवरच, आला होता तशी घडी घालून, ठेवून गेले.

"मालकी वेगळी, वहिवाट वेगळी, समजलात?" हे त्यांचं पालुपद. आता आमच्या रत्नागिरीत हे काही परदेशी शास्त्र नव्हे. इथे जमीन एकाची असते, तीवरची कलमं दुसऱ्याची, यंदाचा आंबा तिसऱ्यानं करारानं घेतलेला, आणि मधून चौथ्याची विहिरीवर जायची वाट. त्या वाटेपायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण ही सगळी माणसं आपलं दुसऱ्याकडे जाईल या भीतीनं झिजतात. दुसऱ्याचं चुकून आपल्याकडे येईल या भीतीनं झिजणारा माणूस मी एकच पाहिला.

आंजर्ल्याच्या वडिलोपार्जित बागेवरचा हक्क त्यांनी धाकट्या भावाला सोडून दिला होता. स्वतःकडे ठेवला तो फक्त खाण्यापुरत्या आंब्यांचा. म्हणजे दर हंगामात घरी खायला आंबे यायचे, ते विकायचे मात्र नाहीत. एका वर्षी त्यांनी मला चार आंबे देण्याआधी भावाला फोन करून विचारलं, की शेजाऱ्यानं खाल्लं तर ते 'आपण खाल्लं' यात धरायचं का. भावाचं उत्तर इथे छापण्याजोगं नाही. आंबे मात्र मला मिळाले.

या नानांची जन्मभराची नोकरी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात. तिथला कॉम्प्युटर म्हणजे हल्ली टेबलावर असतो तो नव्हे. लोखंडी कपाटाएवढं यंत्र, आणि त्याला तारांनी जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. प्रत्येक टर्मिनलवर एकेक माणूस काम करणार आणि कपाट सगळ्यांचं एकदम ऐकणार. अठ्ठ्याण्णव साली नाना निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला कपाटही. जागी नवे छोटे कॉम्प्युटर आले. साहेबांनी विचारलं, "नाना, निरोपाला काय देऊ? घड्याळ की समई?" नाना म्हणाले, "भंगारात घालणार असाल तर ते मशीन द्या."

साहेब खूश झाले. भंगारवाल्याची घासाघीस वाचली. पण नानांचं समाधान नव्हतं. "मशीन दिलंत. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काय?" ही सिस्टिम म्हणजे ज्याच्याशिवाय यंत्र नुसतं लोखंड. साहेब म्हणाले, "आहे आतच, घेऊन जा." नाना म्हणाले, "ती तुमची नव्हेच. बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीची. तुम्हाला वापरायला दिलेली. तुम्ही मला कशी देणार?"

"अहो नाना, कोण बघायला येतंय?"

हे वाक्य नानांना शिवीसारखं लागे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ती सिस्टिम डिस्कवरून पुसून टाकली आणि ते रिकामं कपाट आणि दोन टर्मिनलं टेम्पोत घालून घरी आणली.

आता या कपाटाला गारवा लागतो. आठल्यांच्या घरात गार खोली एकच, मागच्या अंगाची. तिथे दर वर्षी माई, म्हणजे नानांच्या पत्नी, आंब्यांची अढी घालायच्या. अढी म्हणजे गवतात आंबे रचून पिकवणं. ती अढी उठली आणि माजघरात पलंगाखाली गेली. निम्मे आंबे उकाड्यानं डागळले.

"हे सुरू कधी होणार?" माईंनी विचारलं.

"परवाना मिळाला की."

"मिळणार कधी?"

"देतात की नाही, तेच माहीत नाही."

"मग आणलंत कशाला?"

"मशीन आपल्या मालकीचं आहे."

माईंनी एक डागी आंबा उचलून त्यांच्यासमोर धरला. "मग आता त्या कपाटाशीच बोला," म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून त्यांनी नानांशी अबोला धरला.

अबोले आपल्याकडे घरोघरी होतात. दोन दिवस, फार तर सणापर्यंत. माईंनी मात्र सण ओलांडले, वर्ष ओलांडलं. बाई तशी गप्प बसणारी नव्हे. खालच्या आळीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता, तिथल्या मुलींना वर्गाबाहेर ऐकू जाईल असं शिकवायच्या. आमच्या हिच्याशी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून तास तास बोलायच्या. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या मुलीचा फोन आला की दोघं आळीपाळीनं बोलत, आणि एकमेकांच्या तब्येती तिच्याकडून विचारून घेत. नाहीतर मी होतोच.

"श्रीधर, विचार ह्यांना, आमटीत कोकम घालू की कैरी."

नाना माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले. "सांगा हिला, कैरी."

मी म्हणे, "माई, कैरी."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

त्या दिवसांत मीही एक कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं आत सिस्टिम फुकट घालून दिली, जशी तो गावात सगळ्यांना घालून देई. नाना बघायला आले. "ही सिस्टिम कोणाची?" मी म्हटलं, दुकानदार म्हणतो सगळ्यांचीच. नानांनी हात पाठीमागे बांधले आणि खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत चहा प्यायले. पुढे मी रीतसर पैसे भरून दुसरी घेतली, ती नीतीपायी नव्हे. त्या पाठमोऱ्या चहाचा त्रास व्हायला लागला म्हणून.

परवान्याचा शोध मात्र माझ्याच हातून लागला. कॉलेजात इंटरनेट आलं होतं. नानांच्या आग्रहावरून मी शोधत बसलो, तर त्या अमेरिकन कंपनीनं जुन्या यंत्रांच्या वेड्यांसाठी खास सोय काढलेली. हौशी परवाना! घरी वापरा, शिका, मजा करा. फुकट. त्यावर धंदा करायचा नाही, आणि दर वर्षी नव्यानं मागायचा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा नानांनी डोळे मिटले.

"म्हणजे खाण्यापुरते आंबे," ते म्हणाले. "देवमाणसं आहेत हो."

आपला करारनामा जगात कुठेतरी इतका नीट कळला आहे, हे त्या कंपनीच्या वकिलांना समजलं असतं तर ते रत्नागिरीला बदली मागून आले असते.

यथावकाश सिस्टिमची सीडी पोस्टानं आली आणि परवाना माझ्या ई-मेलवर. परवाना म्हणजे अगम्य अक्षरांच्या ओळींमागून ओळी. त्या हातानं टाइप करायच्या, आणि एक अक्षर चुकलं की यंत्र सगळी ओळ परत तोंडावर फेकणार. नानांनी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून टायपायला घेतलं ते दिवेलागणीपर्यंत. मग मागच्या खोलीत पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली, आमच्या घरातले दिवे मंद झाले, आणि नाना घामाघूम होऊन ओटीवर आले. "परवाना घेतलंन," एवढंच म्हणाले.

त्यावर ते करीत काय, हे विचारू नये. यंत्राला आज्ञा देत, की आत्ता कोण कोण काम करतंय ते दाखव. यंत्र दाखवी: आठल्ये. मग तारीख विचारत. यंत्र तारीख सांगे. नाना ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी पडताळून बघत.

एका बागायतदारानं आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं छापून मागितली, त्याला हात जोडले. "धंद्याचं काम. चालायचं नाही." देवळाच्या महाप्रसादाची वर्गणीदारांची यादी करून द्या म्हणून मंडळी आली, तर नानांनी माझ्याकडून अमेरिकेला विचारणा करवली, की गणपतीचा महाप्रसाद व्यापारी धरावा की हौशी. तिकडून कुणी भल्या माणसानं उलट विचारलं, की 'गणपती' ही कंपनी काय बनवते. पत्रव्यवहार लांबला. तोवर महाप्रसाद होऊन गेला.

या सगळ्यात दुसरं टर्मिनल मोकळं पडलं होतं. एके दिवशी बघतो तर नानांनी तार ओढून ते स्वयंपाकघरात कट्ट्यावर, मिक्सरशेजारी नेऊन ठेवलेलं. मला म्हणाले, "मसाल्यांचा साठा नोंदवायला बरं." मसाल्याचे डबे मोजून पाच होते. यंत्रावर त्यांनी माईंच्या नावानं खातं उघडून ते चालूही करून ठेवलं होतं, आणि आज्ञा दिली की आता नावं दिसत दोन: आठल्ये, माई.

माईंनी टर्मिनलवर फडकं टाकलं. ते फडकं बरेच दिवस तसंच होतं.

मग एका दुपारी नाना आमच्याकडे धावत आले. पायात चपला दोन जोडांतल्या दोन. "ग्रंथपाल! आलं! तिचं आलं!"

"काय आलं?"

"पडद्यावर. रोमन लिपीत, पण मराठी. 'गॅस संपलाय.'"

इतक्या आनंदानं गॅस संपलेला मी कुणाचा पाहिलेला नाही. सिलिंडरला तेव्हा नंबर लावून वाट बघावी लागे, पण नानांनी संध्याकाळच्या आत कुठूनसा पैदा केला. वहिवाट न विचारता आणलेली ती एकच वस्तू असावी.

त्यानंतर स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यात संसार नव्यानं सुरू झाला. माईंच्या मते अबोला तोंडाचा होता, बोटांचा नव्हता. त्यांची बोटं क्लासात घडलेली. फोडणी देता देता, पडद्याकडे न बघता टाइप करायच्या. नाना दोन बोटांनी एका वाक्याचं उत्तर जुळवतात तोवर तिकडून तीन वाक्यं येऊन थडकत. जन्मभर ते तोंडी वाद हरत आले होते, आता लेखी हरू लागले. मी गेलो की पडदा दिसे: 'दूध उतू गेलं, तुमच्यामुळे.' 'दाढी करा, श्रीधर आलाय.' एकदा तर चुकून वाचलं: 'पाठ दुखतेय ना? सकाळी वाकून चालत होतात. तेल कोमट करून ठेवलंय.' नानांनी घाईनं पडदा फिरवला. "हे खासगी आहे," म्हणाले, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

दर वर्षी परवाना संपायच्या आधी ते माझ्यामागे लागत, मी अर्ज पाठवी, नव्या ओळी येत, नाना आंघोळ करून टायपत. अशी काही वर्षं छान गेली. मग ती अमेरिकन कंपनी दुसरीनं घेतली, दुसरी तिसरीनं. बागच विकली म्हटल्यावर खाण्यापुरत्या आंब्यांचं कोण बघतो? त्या वर्षी मी अर्ज पाठवला, पुन्हा पाठवला, तिकडून हूं नाही की चूं नाही. आणि परवाना संपला.

मला वाटलं, यंत्र बंद पडेल. पण मी गेलो तर मागच्या खोलीत घरघर चालू, आणि नाना खुर्चीत बसलेले.

"चालतंय की, नाना!"

"चालतं," नाना म्हणाले. "परवाना संपला तरी मुख्य टर्मिनलवर बसणाऱ्याला घेतात आत. दुरुस्तीची सोय म्हणून कंपनीनंच ठेवलंय तसं. बाकीच्यांना घेत नाहीत."

"म्हणजे?"

"एकट्याला चालतं. दुसऱ्याला नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं या माणसानं जो परवाना देवासारखा जपला, तो स्वतःसाठी नव्हताच. नानांना एकट्याला परवाना लागतच नव्हता. तो लागत होता स्वयंपाकघरातल्या टर्मिनलला.

मी म्हटलं, "नाना, यंत्राची तारीख वर्षभर मागे घ्या. त्याला वाटेल परवाना अजून आहे. मी वाचलंय, लोक करतात असं."

"आणि उद्या हिनं विचारलं आज तारीख काय, तर काय सांगू?"

"अहो, पण कोण बघतंय?"

"मी बघतोय ना." नाना चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. मग खाली बघत म्हणाले, "सकाळी दूध उतू गेलं वाटतं. वास आला. पण पडद्यावर काही आलं नाही हो. तुम्ही सांगाल का हिला? मी कसं सांगणार?"

मी सांगायला म्हणून उठलो, पण तशी वेळच आली नाही. माई दारात उभ्या. हात पिठाचे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ नानांकडे बघून म्हणाल्या, तोंडानं म्हणाल्या,

"माझं नाव काढलंत होय?"

नानांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तीन दिवस टाइप करत्ये, आत घेतच नाही मेलं! आंजर्ल्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागलं नाही. ह्या घरावर नाही. पाटीवर नाही. एका ह्या शिंच्या यंत्रात लावलंत, नि तेही कमी केलंत? विचारायचं तरी होतंत!"

आमच्याकडे सातबाऱ्यावरून नाव कमी होणं ही काय गोष्ट आहे, हे ज्याचं गेलंय त्यालाच माहीत. माईंना दुसरी शंका येणं शक्यच नव्हतं. त्यांचा आवाज शेवटी फुटला, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"नाही गं," नाना कसेबसे म्हणाले. "नाव आहे. परवाना संपला."

"माझा?"

"दोघांचा."

"मग तुमचं कसं चालतंय?"

"एकट्याला चालतं."

"हे कुठलं गणित? कुणी केलंन? लिहा त्यांना! बसलात काय असे?"

"लिहिलंय. उत्तर नाही."

"उत्तर नाही म्हणजे काय? तुम्ही नीट लिहिलंच नसेल. तुमची ती दोन बोटं..."

मी हळूच बाहेर आलो. दोघांपैकी कुणालाही कळलं नाही. गडग्यापलीकडून दिवेलागणीपर्यंत भांडण ऐकू येत होतं, त्यात अढीची खोली निघाली, डागी आंबे निघाले, भाऊ निघाला, बाग निघाली. आमची ही अंगणात तांदूळ निवडत बसली होती, ती निवडायचे संपले तरी उठली नाही.

त्या दिवसापासून माई बोलू लागल्या. एवढ्या वर्षांचं तुंबलेलं सगळं. नाना पेपर वाचायला येत तर मागून हाक येई, "अहो, आंघोळीचं पाणी निवतंय!" आणि नाना अग्रलेख अर्धा टाकून जात. एकदा तर माझ्या कोड्यात त्यांनी पेननं एक शब्द भरून ठेवला. विचारलं नाही. मी तो पेपर रद्दीत घातला नाही.

पावसाळा सरता सरता तिसऱ्या कंपनीला जाग आली. दिलगिरी, आणि खाली परवान्याच्या ओळी. मी त्या छापून घेतल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी नानांकडे गेलो. नाना ओटीवर होते. कागद हातात घेतला, चष्मा लावून पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली. सगळं रीतसर होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"टायपायला कधी बसताय?" मी विचारलं.

"हळू बोला," नाना म्हणाले.

तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला. "श्रीधर आला का? विचारा त्याला, आलं का हो अमेरिकेचं उत्तर?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. पेपरातलं कोडं मनातल्या मनात सोडवणारा, चार आंब्यांसाठी भावाला फोन करणारा हा माणूस. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"नाही आलं," त्यांनी आत ओरडून सांगितलं.

मग मलाच समजावल्यासारखं पुटपुटले, "हक्क आहे म्हणून आंबा काढलाच पाहिजे असं नाही. झाडावर ठेवला तर तो गुन्हा होत नाही, समजलात?"

"बरं," आतून माई म्हणाल्या. "नसेल येत तर नसो. चहा ठेवत्ये."

घरी आल्यावर मी हिला सांगितलं, की नाना जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही माईंशी.

ही भाजी चिरत होती. "पण त्यांना ठाऊक आहे," म्हणाली. "कागद आलाय ते मी सकाळीच सांगितलं माईंना. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नकोस मला माहीत आहे ते."

मी खिडकी लावायला गेलो होतो, ती तशीच उघडी ठेवली. गडग्यापलीकडून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, माई ओरडत होत्या, "अहो, ऐकलंत का? गॅस संपलाय!"